तार राहिली, निरोप गेला

पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती एका सावकारी चिठ्ठीतून, ही गोष्ट मराठी घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गळालेल्या मोत्यांची, गेलेल्या मोहरांची आणि मोजदाद न होणाऱ्या खुर्द्याची ती सांकेतिक भाषा १७६१ सालापासून आपल्या बोलण्यात टिकून आहे. पण ती चिठ्ठी आणणारा जासूद कोण, तो कोणत्या वाटेने आला, घोड्यावरून आला की सांडणीवरून, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आपण निरोप जपला आणि निरोप्याला विसरलो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, पोर्थकर्नो नावाचे एक चिमुकले खेडे आहे. तेथल्या तारायंत्राच्या वस्तुसंग्रहालयात गेल्या उन्हाळ्यात मी दोन दिवस काढले, आणि मला याच्या अगदी उलटा प्रकार आढळला. तेथे निरोप्याचे हाडन्‌हाड जपून ठेवले आहे. निरोप मात्र शोधत हिंडावे लागते. या संग्रहालयाचे गुण थोर आहेत आणि ते सांगताना मी हात आखडता घेणार नाही. पण त्याच्या मांडणीतून उभा राहणारा प्रश्न माझ्या मनातून जाईना. कारण त्या प्रश्नाचे एक टोक थेट आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागते.

वस्तुसंग्रहालयाचे परीक्षण ही कल्पना काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. जुन्यापुराण्या वस्तूंचे कसले परीक्षण? परंतु संग्रहालयालाही कर्ता असतो, मग तो एक असो वा अनेक. काय ठेवायचे, काय गाळायचे, पाहुण्याला आधी काय दाखवायचे आणि निरोप देताना त्याच्या हाती काय ठेवायचे, हे कोणीतरी ठरविलेले असते. चांगल्या कादंबरीत लेखकाने जे सांगितलेले नाही तेही आपण वाचतो. तोच नियम येथे लावण्यास हरकत नसावी.

लंडनहून निघालेली आगगाडी पेन्झन्सला संपते. पुढची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि मग एकाएकी खाली उतरणारी दरी. दरीच्या तोंडाशी पांढरीशुभ्र वाळू आणि पाचूच्या रंगाचे पाणी. शेजारच्या कड्यावर रोवेना केड या बाईंनी खडक फोडून उभारलेले मिनॅक हे उघड्यावरचे नाट्यगृह आहे. १९३२ साली तेथे पहिले नाटक झाले. उन्हाळ्यात येथे गर्दी लोटते ती समुद्रासाठी आणि नाटकासाठी. ज्या वाळूत मुले किल्ले बांधीत असतात तिच्या खालून एके काळी जगातल्या निम्म्या बाजारपेठांचे भाव जात होते, याची त्या गर्दीला वार्ताही नसते. किनाऱ्यालगत एक लहानसे बुटके घर तेवढे दिसते. समुद्रातून आलेल्या तारा याच घरात येऊन जमिनीवरच्या तारांना मिळत. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला म्हसोबाचे देऊळ असते ना, तेवढेच ते घर. पण १८७० साली हिंदुस्थानचा कारभार या दारातून ये-जा करू लागला.

ती कथा थोडक्यात अशी. १८६५ च्या सुमारास विलायतेशी तारेचा संबंध जुळला होता, पण तो तुर्कस्तान आणि इराण यांच्या जमिनीवरून. वाटेत ठिकठिकाणचे कारकून, त्यांतल्या पुष्कळांना इंग्रजीचा गंध नाही. निरोप पोचायला कित्येक दिवस लागत आणि पोचला म्हणजे ओळखू येत नसे. मग जॉन पेंडर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने सर्व वाट समुद्रातून काढण्याचा घाट घातला. हा पेंडर मुळात मॅंचेस्टरचा कापडाचा व्यापारी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपल्याच्या वार्तेने तो भाव कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या, हे आपणांस ठाऊकच आहे. कापडाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला बातमीची किंमत कोणी शिकवावी लागली नसेल.

१८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनकडे तार सोडीत निघाले. उन्हाने पोटातली तार तापू नये म्हणून या सफरीसाठी जहाजाला पांढरा रंग दिला होता. एडनहून सुएझ, तेथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, मग माल्टा, जिब्राल्टर आणि लिस्बनजवळचे कार्काव्हेलोश अशा टप्प्यांनी तार इंग्लंडला पोचली. ती खरी उतरायची होती फॅल्मथ बंदरात. पण तेथे जहाजांची वर्दळ फार, नांगरांनी तार तुटायची, म्हणून आडबाजूचे पोर्थकर्नो निवडले गेले. २३ जून १८७० च्या रात्री पेंडरने लंडनमधल्या आपल्या घरी मेजवानी दिली. त्या दिवाणखान्यातून सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी निरोपांची देवघेव झाली. ज्या पत्राला जहाजाने आठवडे लागत त्याचे उत्तर मेजवानी आटोपण्याच्या आत आले. पुढे पोर्थकर्नोला चौदा तारा येऊन मिळाल्या आणि जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्री तारघरांत त्याची गणना होऊ लागली. १९७० साली, बरोबर शंभर वर्षांनी, ते तारघर बंद झाले. तेथली शिक्षणसंस्था १९९३ पर्यंत चालू होती. त्याच वास्तूंत आज हे संग्रहालय आहे.

संग्रहालयातली सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे तेथली भुयारे. १९४० साली फ्रान्स पडला, शत्रू खाडीपलीकडे येऊन ठेपला, आणि हे तारघर उडाले तर साम्राज्याची जीभच तुटेल अशी धास्ती पडली. तेव्हा कॉर्नवॉलच्या कथील-खाणींतल्या खाणकऱ्यांना आणून डोंगराच्या पोटात दोन मोठी भुयारे खोदविली, आणि १९४१ च्या मेमध्ये सगळी यंत्रसामग्री आत हलविली. ती जाडजूड दारे ओलांडून आत शिरताना अंगावर किंचित काटा येतो. बाहेर पडण्याचा मार्ग शत्रूने अडविला तर असावी म्हणून मागून डोंगरमाथ्यावर निघणारी एक उभी जिन्याची वाटही आहे. मी ती चढलो. वर पोचेपर्यंत दम लागला. पण माथ्यावर वारा आणि समोर अथांग अटलांटिक. ज्याने कोणी हा जिना पाहुण्यांसाठी मोकळा ठेवला त्याला नाट्याची जाण आहे, यात शंका नाही.

दुसरा गुण असा की येथली यंत्रे मेलेली नाहीत. काचेच्या कपाटात धूळ खात पडलेल्या वस्तू पाहण्याची आपणांस सवय आहे. येथे जाणकार मंडळी यंत्रे चालवून दाखवितात. विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञाचे, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, सायफन रेकॉर्डर नावाचे यंत्र मी तेथे डोळे भरून पाहिले. हजार हजार मैल पाण्याखालून आलेला विजेचा प्रवाह इतका क्षीण झालेला असतो की आपल्या ओळखीचा तो कट्ट-कडकट्ट आवाज काढण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. म्हणून टॉमसननी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये एक हलके वेटोळे टांगले आणि त्याला केसासारखी बारीक काचेची नळी जोडली. प्रवाह आला की वेटोळे थरथरते, नळी हलते आणि सरकत्या कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटते. रेघ वर गेली की टिंब, खाली गेली की आडवी रेघ. तीवरून कारकून अक्षरे वाची आणि तोच मजकूर पुढच्या टप्प्याकडे पुन्हा हाताने रवाना करी. ती रेघ पाहताना वैद्य नाडी पाहतो त्याची आठवण होते.

समुद्री तारेचे आडवे कापलेले तुकडेही असेच बोलके आहेत. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचे वेष्टन, त्यावर तागाचे सूत आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचे चिलखत. किनाऱ्याजवळ लाटा आणि खडक असतात म्हणून तेथले चिलखत मनगटाएवढे जाड. खोल समुद्रात शांतता, म्हणून तेथली तार सडपातळ. अशा बाबतीत हे संग्रहालय उत्तम शिक्षकासारखे वागते. मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांना तेथे कंटाळा येणार नाही, याची मी हमी देतो.

आता दुसरी बाजू. सायफन रेकॉर्डरने उमटविलेली ती नागमोडी रेघ पाहून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की या रेघेत म्हटले आहे काय? कोणी कोणाला, कशासाठी हे कळविले? लिव्हरपूलच्या कापसाचा भाव की पोर्ट सय्यदला कोणी वारल्याची खबर? दोन दिवस दालनांतून फिरून यंत्र कसे चालते ते मला पुरते समजले. त्या यंत्रातून काय गेले, हे फार थोडे समजले. लग्नाच्या वऱ्हाडाला बैलगाडीच्या चाकांचे वर्णन ऐकवावे आणि नवरानवरीची नावे सांगू नयेत, तसे काहीसे झाले.

यावर संग्रहालयाचे उत्तर तयार असेल, आणि ते खोटे नाही. तार ही खाजगी गोष्ट. ती वाचून तोंड बंद ठेवणे हाच तारबाबूचा धर्म. निरोप पोचला की कागदाचे काम संपले. तो काही दिवस ठेवून नष्ट करीत. कंपनीपाशी उरली ती यंत्रे, नकाशे, हिशेबाच्या वह्या आणि नोकरांच्या नोंदी. जे उरले तेच संग्रहालयात येणार. हे मान्य करूनही मी म्हणेन की उरलेल्या वस्तूंची मांडणी करणे एवढेच संग्रहालयाचे काम नाही. उरले नाही त्याची जागा मोकळी ठेवून ती पाहुण्याला दाखविणे, हेही त्याचेच काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तारेला दोन टोके असतात. पोर्थकर्नोत शिकून निघालेले जवान इंग्रज पोरगे जगाच्या कानाकोपऱ्यात जात, बेटाबेटांवर वर्षानुवर्षे काढीत आणि स्वतःस ‘परागंदा’ अशा अर्थाच्या नावाने संबोधीत. त्यांचे एकटेपण, त्यांचे खेळ, त्यांचे १९०६ साली सुरू झालेले ‘झोडिअ‍ॅक’ हे मासिक, यांविषयी येथे जिव्हाळा आहे आणि तो पाहून मन भरून येते. पण तारेच्या या टोकाला कोण बसले होते? मुंबईच्या तारघरात रात्रपाळी करणारा सिग्नलर, उन्हातान्हात लिफाफा घेऊन सायकलीवरून जाणारा तारवाला, १९०८ साली हिंदुस्थानभरच्या तारघरांत संप करणारे कर्मचारी, यांचा चेहरा त्या दालनांत माझ्या नजरेस पडला नाही. मुंबई तेथे आहे ती नकाशावरच्या ठिपक्याएवढी.

आणि त्या ठिपक्यावर तारेने काय घडविले? १८७० पूर्वी कलकत्त्याचा व्हाइसरॉय आधी निर्णय घेई आणि मग लंडनला कळवी, इलाजच नव्हता. तार आल्यावर लंडनचा मंत्री त्याच्या खांद्यावर येऊन बसला. आमच्या मुलखाचा कारभार हजारो मैलांवरून, रोजच्या रोज, हुकमाबरहुकूम चालू लागला. दुसऱ्या बाजूला त्याच तारेने आमच्या वर्तमानपत्रांत जगाच्या बातम्या आणल्या, आणि ‘तारेने आलेले वर्तमान’ वाचता वाचता जग किती मोठे आहे आणि साहेबाचे राज्य त्यात कोठे बसते, हे आमच्या आजोबा-पणजोबांना उमगू लागले. साखळी आणि खिडकी अशी दोन्ही कामे एकाच तारेने केली. एवढे मोठे नाट्य हाताशी असताना ते नकाशाच्या ठिपक्यात मिटून टाकावे, हे कोणाही कलावंताला शोभण्यासारखे नाही.

गटापर्चाचीही तीच गत. हा मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या एका झाडाचा चीक. समुद्राच्या थंड पाण्यात तो विरघळत नाही, चिरत नाही आणि वीज बाहेर जाऊ देत नाही. एका झाडापासून चीक मिळे थोडा. तो काढण्यासाठी झाड तोडीत. जगाच्या तारा वाढत गेल्या तसतशी एकोणिसाव्या शतकातच ती जंगले झपाट्याने ओसाड पडली. ताग त्या काळी जगाला बंगालच पुरवीत असे. म्हणजे त्या कापलेल्या तुकड्यात आमच्या आशियाची रानेही आहेत आणि शेतेही आहेत. तुकडा समोर आहे. त्याची कुळकथा ठसठशीतपणे सांगितली असती तर तो आहे त्याच्या दसपट बोलला असता.

निराळी मांडणी शक्य असते, याचे उदाहरण इंग्लंडातच आहे. लंडनच्या सायन्स म्युझिअममध्ये २०१४ साली ‘इन्फर्मेशन एज’ नावाचे दालन उघडले. एन्फील्ड गावच्या टेलिफोन केंद्राचा जुना स्विचबोर्ड त्यात मांडला होता. हाताने जोडण्या देणारे लंडन भागातले ते शेवटचे केंद्र १९६० साली बंद झाले. पण दालनकर्त्यांनी नुसता बोर्ड आणून ठेवला नाही. तेथे काम केलेल्या बायकांना गाठून त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपून घेतल्या. एवढ्याने त्या लाकडी खोक्यात जीव आला. यंत्रापाशी माणूस उभा केला की यंत्रही अधिक समजते. पोर्थकर्नोला भुयारासारखी जागा लाभली आहे, जिवंत यंत्रे लाभली आहेत. उणीव आहे ती पलीकडच्या आवाजाची.

तो आवाज कोठून आणायचा? येथे मात्र बोट आपल्याकडेच वळते. तारेचे दुसरे टोक आपल्या ताब्यात होते. आपण त्याचे काय जपले? १४ जुलै २०१३ ला आपल्या देशातल्या तारघरांनी शेवटच्या तारा घेतल्या आणि दीडशेहून अधिक वर्षांचे हे खाते मिटले. त्या दिवशी ठिकठिकाणी लोकांनी रांगा लावल्या. ज्यांनी जन्मात तार केली नव्हती अशा तरुणांनी आठवण म्हणून स्वतःलाच तारा करून घेतल्या. हौस समजण्यासारखी आहे. पण ज्या तारांना खरोखर अर्थ होता त्या घरोघरच्या पेट्यांत पडून होत्या, आणि त्यांची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

आपल्या घरांत तारेला केवढा दरारा होता! दारात तारवाला दिसला की चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हातातला झारा थांबे. वाचायला इंग्रजी जाणणारा शेजारी बोलवावा लागे, आणि तो आधी मनात वाचून मग सगळ्यांच्या तोंडाकडे पाही. माझ्या आजोबांच्या कागदांत अशा दोन तारा निघाल्या. एकीत त्यांच्या नेमणुकीची खबर आहे. दुसरीत चारच इंग्रजी शब्द आहेत: आई सीरियस, ताबडतोब निघा. ‘सीरियस’ या शब्दाचा तारेतला खरा अर्थ त्या काळी कोणालाही समजावून द्यावा लागत नसे. मेल्या माणसाला तारेत चार घटका जिवंत ठेवण्याची ती रीत होती, प्रवास करणाऱ्याच्या जिवाला थोडा आधार असावा म्हणून. इंग्रज व्यापाऱ्यांनी शब्दांचे पैसे वाचविण्यासाठी जाडजूड सांकेतिक कोश छापले. आमच्या लोकांनी दुःख हलके करण्यासाठी एकच शब्द वापरला, आणि त्याचा कोश कोठेही छापलेला नाही. असा कागद पोर्थकर्नोच्या त्या नागमोडी रेघेशेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा अर्थ एकदम उलगडेल.

सगळ्याच तारा काही अशुभ नव्हत्या. शुभेच्छांच्या तारांसाठी आपल्या तारखात्याने ठराविक वाक्यांना क्रमांक दिले होते. आकडा तेवढा सांगायचा, पूर्ण वाक्य पलीकडे उमटे. त्या यादीतले पहिल्या क्रमांकाचे वाक्य दिवाळीच्या शुभेच्छांचे होते आणि दुसरे ईदच्या. या दोन ओळींत केवढा देश सामावला आहे!

पोर्थकर्नोची गोष्ट संपलेली नाही. १९९७ साली ‘फ्लॅग’ नावाची काचतंतूंची केबल त्याच खेड्यातून निघून, पुन्हा अलेक्झांड्रियावरून आणि सुएझवरून, मुंबईस आली आणि पुढे जपानपर्यंत गेली. २००४ साली ती कंपनीच एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतली. पेंडरची वाट अजून मोडलेली नाही. फरक एवढाच, की आज आपण पाठवितो ते निरोप कागदावर उमटतच नाहीत. शंभर वर्षांनी आपले संग्रहालय मांडणाऱ्याला यंत्रे हवी तेवढी सापडतील. आपण एकमेकांशी काय बोललो ते मात्र सापडणार नाही.

एकंदरीत, पोर्थकर्नोचे संग्रहालय हे एक उत्तम लिहिलेले अर्धे पुस्तक आहे. जमेल त्याने ते अवश्य पाहावे, मुलांना दाखवावे, आणि तो जिना चढून माथ्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहावे. उरलेले अर्धे पुस्तक इंग्लंडात लिहिले जाणार नाही. त्याची पाने आपल्या माळ्यांवर, फडताळांत, पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद रद्दीवाल्याला देण्यापूर्वी ते एकदा चाळावेत. एखादी तार निघाली तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून ती कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी केली, ते एका चिटोऱ्यावर लिहून तिला जोडून ठेवावे. दहा मिनिटांचे काम आहे. आणि ते सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत.